एकतिसावी फेरी

डॅवेनपोर्टच्या मैदानात डाव्या कुंपणामागे
आकाशपाळणा फिरतो. त्याच्या पलीकडे पूल, खाली मिसिसिपी.
मंगळवारी हॉटडॉग एक डॉलरला,
म्हणून गर्दी. खेळाकडे बघणारे मोजकेच.
मी तिसऱ्या बेसच्या अंगाला बसते,
मांडीवर वही, कानाला पेन्सिल.
दिवसा मोलीनच्या कारखान्यात
ट्रॅक्टरच्या ओतीव भागांत केसाएवढी चीर शोधायची,
संध्याकाळी उलटा धंदा:
भंगारात टाकलेलं काही धड आहे का?

आमची लीग बारा जणांची. हंगाम संपला तरी संघ मोडत नाही,
घेतलेली पोरं सांभाळायची, थेट म्हातारी होईतो.
क्लेटन सतरा वर्षांची मुलं घेतो,
ज्यांना त्याने फोनवरच्या अकरा सेकंदांत पाहिलेलं असतं.
मी म्हणते, पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल.
तो विचारतो, म्हैस कुठल्या पोझिशनला खेळते?
माझ्या संघाचं नाव खडूस.
अर्थ विचारला की सांगते, धीर.

एमेट सोबोत्का. सेकंड बेस. नेब्रास्काच्या कुठल्याशा मक्यातला.
पाच फूट आठ, तेही बुटांसकट.
वय चोवीस; आणि या पायरीवर चोवीस म्हणजे
सातवीच्या वर्गात दाढी आलेला मुलगा.
पहिल्या शंभरांत नाही, क्लबच्या तिसांत नाही,
ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कुणी उच्चारलंच नव्हतं.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
ह्याच्या पाळण्यापाशी कुणी वाकलं होतं का?

तो सोडतो.
बोटभर बाहेरचा चेंडू तो असा सोडतो,
जसं लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा आलेल्या जिलबीवर
कुणी पालथा हात धरावा,
ना ओशाळून, ना तोऱ्यात. पोट भरलंय, एवढंच.

जून-जुलैत मोजले.
झोनबाहेरचे दोनशे अकरा चेंडू. बॅट फिरली सव्वीसवर.
मी बेरीज तीनदा केली.
शेजारी एक स्काउट बसायचा, रडारगन पिचरवर रोखून.
सोबोत्का खेळायला आला
की तो नाचो आणायला उठायचा.

नोव्हेंबरात मार्सियाच्या तळघरात, एकतिसाव्या फेरीत,
पिझ्झ्याचे खोके रिकामे झाल्यावर मी नाव घेतलं.
कोण?
स्पेलिंग सांगावं लागलं, दोनदा.
तळघर हसलं. मीही हसले थोडी,
पत्ते छातीशी धरून.

जानेवारी. उणे अठरा.
टायरच्या दुकानात माझ्या गाडीमागून
एक जण हात पुसत उठला, खिशावर शिवलेलं: एमेट.
मी ओळखलं ते खांद्यांवरून, चेहरा तसा
कायम हेल्मेटखाली पाहिलेला.
म्हणाला, मॅम, चारही बदलायला सांगतील आत,
पण पुढचं डावं अजून एक हिवाळा काढेल.
उगाच घेऊ नका.

काय सांगणार होते मी त्याला?
की तू माझा आहेस, निदान दोन हजार एकतीसपर्यंत?
की तुझे दोनशे अकरा चेंडू
माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, इस्त्रीच्या पावत्यांशेजारी?
थँक यू म्हटलं. तीनच टायर घेतले.

मार्चच्या शेवटी एक ओळ आली. करारमुक्त.
वर-खाली आणखी चौदा नावं, सगळ्यांना तेवढीच जागा.

आता नदी चढलीय. मैदानाभोवती पाणी,
लाकडी पुलावरून लोक आत जातात, पाळणा फिरतोच आहे.
सेकंड बेसवर नवा मुलगा, एकोणीस वर्षांचा,
येईल त्यावर बॅट घालणारा. स्काउट जागचा हलत नाही.

क्लेटनचा निरोप: त्याला सोड आता, जागा अडते.
नियमाने बरोबर आहे त्याचं.
तीन आठवडे झाले, उत्तर दिलेलं नाही.
पुढचं डावं टायर छान चाललंय.