पोच

पत्र दिलं आणि उभीच राहिले.
सेक्रेटरी म्हणाले, ठेवा, बघतो.
म्हटलं, पोच द्या.

अंबडच्या तहसिलीत तेवीस वर्षं
आवक-जावक सांभाळलीय मी.
शिक्का नसलेला कागद आलेलाच नसतो,
हे मला कुणी शिकवायला नको.

मंडळीत वह्यांना तोटा कधीच नव्हता.
बाप्तिस्म्याची वही, लग्नाची, पुरल्याची,
उपकारस्तुतीच्या सणाला कुणी किती भोपळे आणले, त्याचीसुद्धा.
जालन्याच्या बोर्डिंगच्या वहीत मीही आहे:
सुवार्ता शीलवंत दुशिंग, इयत्ता सातवी,
पत्र्याची पेटी एक, परकर दोन, वाटी एक.
त्याच पानावर
हार्मोनियमच्या भात्याला पंचेचाळीस रुपये.
तालमीनंतर रेव्हरंड एकेकीला मागं थांबवायचे,
त्याला रकाना नाही.

प्रिस्किलानं सांगितलं होतं मेट्रनबाईंना,
शनिवारी, तांदूळ निवडताना.
बाई खडे वेचत राहिल्या.
क्षमा करावी, बाळा.
किती वेळा, विचारलं तिनं. गणितात हुशार होती.
मोजू नये, म्हणाल्या बाई.
ती मोजत राहिली.

पुढं एकच ओळ:
रेव्हरंडसाहेबांची बदली, परतूर. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ.
परतूरच्या वहीत: बदली, गेवराई.
गेवराईच्या वहीत: बदली, वैजापूर.
रात्री मुलाच्या शाळेचा नकाशा काढून
गावांवर बोट फिरवलं.
प्रत्येक ठिकाणी मुलींचं बोर्डिंग.
बदली करणाऱ्यांकडेही नकाशा असणारच.

चहा आला. मग चौघं पंच आले.
एक म्हणाले, आता थकलेत हो ते, दिसतही नाही धड.
दुसरे म्हणाले, इतकी वर्षं कामून गप बसलात?
तिसऱ्यांनी दार लावून घेतलं:
बाहेरच्यांना आपल्याविरुद्ध निमित्तच पाहिजे, ताई.

खरंय ते. मागच्या नाताळात
फाटकावर दगड आले, तेव्हा
पोलिसातला अर्ज मीच लिहिला होता.
त्याची पोच आहे माझ्याकडे.

दोन्ही बाजू ऐकाव्या लागतील, असं ठरलं.
मग कुणीतरी म्हणालं,
डोळे मिटू या.

तोही असंच म्हणायचा.

खोलीतले सगळे डोळे मिटले.
लीलावतीचे उघडे, शलोमीचे उघडे,
प्रिस्किलाचे तर तीस वर्षांत मिटलेच नसतील.
पहिल्यांदाच बघितलं,
प्रार्थना करणारी माणसं कशी दिसतात ते.
विरळ टाळू. कानातले केस.
सेक्रेटरींचा अंगठा
बशीतला बिस्किटाचा चुरा टिपत होता.
आमेन आम्ही म्हटलं नाही.
शेवटचं वाक्य लोंबकळत राहिलं थोडा वेळ.

तेवढ्यात मी म्हटलं, पोच.

ड्रॉवर उघडला. शिक्का सापडेना.
सापडला तर पॅड वाळलेलं.
शलोमीनं तिच्या बाटलीतलं पाणी दोन थेंब सोडलं त्यावर.
निळा, अर्धवट उमटला.
क्रमांक सत्तेचाळीस. तारीख कालची टाकली होती,
मी आजची करून घेतली, खाली सही घेतली.

जिन्यावरून उतरताना प्रिस्किला म्हणाली,
गुडघे दुखतात गं.
दुसरं काही बोलली नाही.

समोर झेरॉक्सचं दुकान, शेजारी मोसंबीच्या रसाचं यंत्र घरघरतंय.
पोऱ्यानं विचारलं, किती प्रती?
चौघी आहोत. शलोमी म्हणाली, सात.
आपली ओळ सात जणींची होती.
दोघींचे पत्ते लागायचेत अजून.
तिसरीचा
पुरल्याच्या वहीत आहे.

एक बाजू का दोन्ही, पोऱ्यानं विचारलं.

लीलावतीनं कागद उलटा करून बघितला.
एकच, म्हणाली.
मागं कोरं आहे.