आडवी टाकी

अरूस्टुकात सकाळी उणे एकवीस.
लोरेन थिबोडो फावड्याने बर्फ सारते, झाकण शोधते.
लिलाकच्या डावीकडे, चार पावलं;
पण लिलाक गेल्या वादळात गेलं.

सापडतं. पाना, दोन शिव्या, उघडतं.
खडू फासलेली काठी ती आत सोडते.
तळाला टेकल्याचा ठक्क
हातमोज्यातूनही कळतो.

ओलं अकरा इंच. बाकी काठी कोरडी.

टाकी जमिनीत पिंपासारखी आडवी निजलेली.
मधले इंच लठ्ठ, तळाचे रोडके.
"पाव दिसलं तरी पाव नसतं,"
आर्मां दर हिवाळ्यात सांगायचा,
जणू ती पहिल्यांदाच ऐकतेय.

त्याचा तक्ता तळघराच्या दारामागे.
त्याचे एक आणि सात सारखेच,
म्हणून ती वरून ओळी मोजत येते, बोटाने,
नऊ, दहा, अकरा:
पंचाण्णव गॅलन.
पंधरा दिवस. वारा सुटला तर बारा.
ट्रक बावीस तारखेला.

काठी तिने बर्फावर पुसली होती;
खिडकीतून दिसतो तो गुलाबी ओरखडा.

मग ती त्याच्या खोलीतला रेडिएटर बंद करते.
दार ओढून घेते,
पुरतं लावत नाही.