एक अक्षर कमी

दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधते,
नारायण पेठेत, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर,
दहावीच्या गाईडांचे ऱ्हस्व-दीर्घ.
रुपयातला रु पहिला, रूपातला दुसरा.
रात्री धनकवडीत, उशी पाठीशी घेऊन,
मी मुद्दाम चुकते.

इटलीतल्या त्या शिंप्याचं नाव
(त्याला शिंपी म्हणत नाहीत, पण आहे शिंपीच)
मोबाईलवर बरोबर लिहिलं तर साठ हजार.
एक 'एल' गाळला तर चार.
दोन्ही 'एल' गाळून शेवटी 'आय'चा 'वाय' केला
तर अकराशे, घरपोच.
ज्यांना नाव लिहिता येत नाही
त्यांना किंमतही ठाऊक नसते,
आणि मला दोन्ही येतं, पैसे तेवढे नाहीत.

असाच आला घोड्यांच्या लगामांचा स्कार्फ,
असाच एक स्कर्ट,
ज्याची कंबर माझ्या मांडीएवढी.
तो परत पाठवला. सात दिवस असतात.

मग हा कोट.
बाटलीहिरवा, खांद्यांत त्या काळचा ताठा.
वानवडीहून निघाला,
तीन रात्री चाकणच्या गोदामात झोपला,
आणि वानवडीपासून दहा किलोमीटरवर
माझ्या दारात उतरला.
विकणाऱ्यानं लिहिलं होतं :
'आत्याचा. कपाट रिकामं करतोय.
एकदाच घातलेला असावा.'
त्या 'असावा'वर मी पैसे भरले.

पुण्यात लोकरीचा कोट घालण्याचे दिवस अकरा.
मी मोजलेत. त्यातले चार
सकाळी नऊच्या आत संपतात.

बाही दोन बोटं लांब,
म्हणून कॅम्पात, ताबूत स्ट्रीटवर,
हशमत मास्टरांकडे.
त्यांनी लेबल पाहिलंच नाही.
कोट उलटा केला,
बगलेतलं अस्तर चिमटीत धरलं,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि शेजारच्या दुकानातलं मशीन
दोनदा थांबून परत सुरू होईतो गप्प राहिले.

मग म्हणाले, हा टाका माझा.

कशावरून?
डावखुरा आहे मी. बघा, तिरपा पडतो.
सत्त्याऐंशी साल असेल.
कर्नलसाहेबांच्या बहीणबाई. त्यांचा असली कोट
कसरीनं खाल्ला. तो अख्खा उसवला,
तुकडे कागदावर ठेवून माप उतरवलं,
लुधियानाच्या कापडात हा दुसरा केला.
लेबल तेवढं जुन्याचं.
ते खरं आहे.
'ते खरं आहे हां,' परत म्हणाले, जरा घाईनं,
मी जणू चौकीतून आलेय.
बाई म्हणाल्या होत्या, कुणाला सांगू नका.
नव्हतं सांगितलं.

म्हणजे मी चुकीच्या नावानं शोधला
आणि नाव तेवढं बरोबर निघालं.
आज पाचवा दिवस.
पर्समधल्या मोबाईलवर पर्याय आहे :
वस्तू वर्णनाप्रमाणे नाही.
मी पर्सची चेन उघडली, रुमाल काढला,
चेन लावली.

'लेबल काढून देऊ?'
ब्लेड त्यांच्या डाव्या हातात होतं.
मी मान हलवली, कशी हलवली कोण जाणे,
त्यांनी ब्लेड डबीत ठेवलं
आणि बाही मुडपून
पांढऱ्या दोऱ्यानं कच्चे टाके घातले,
तुटक तुटक, हिरव्याखाली एक ओळ.

आमच्याकडे शब्दाखाली असेच ठिपके देतात
खोडलेलं परत हवं असलं की.
पूर्वी जुळारी ते बघायचा
आणि खिळ्याला हात लावायचा नाही.

मी विचारलं, बाहीचं किती?
दीडशे, म्हणाले. मंगळवारी या.
मग सुई उशीत टोचून :
माझाच आहे, तर शंभर द्या.