बेत

नुंगुआच्या गल्लीत नाआ देदेई
तासभर खडूनं नुसतं बेतत राहते.
कात्री खुंटीलाच.

मुंढ्याची चंद्रकोर निघते, ती कॉलरला.
बगलेत सुटलेली कळी
खिशाच्या पोटात.
उरतो गळ्याचा गोल.
डोकं जायला जागा नको का?

शिकाऊ लार्येचा हात सवयीनं झाडूवर.
आधीच्या उस्तादाकडे रोज पोतंभर चिंध्या,
संध्याकाळी गटारात, सकाळी समुद्रात,
मग बापाच्या जाळ्यात
दुसऱ्याच कुणाची बाही.
‘आज शर्ट गावले,’ म्हणाला होता बाप
टोपली पालथी घालून.

इथं फरशीवर खडूची पूड तेवढी.
लार्ये ती फुंकरीनंच उडवतो.

तो गोल नाआ देदेई
टाचणीनं वहीत अडकवते,
गिऱ्हाइकाच्या मापांशेजारी:
कोपर फाटलं की ये म्हणावं.