मूळ कुठंय?

तिसरा तास. लॅबचा एसी सतरावर.
लिसम्मा मिस कांद्याचा पापुद्रा सोडवतात
चिमट्याने, इतक्या हलक्या हाताने
जणू झोपलेल्या कुणाचा चष्मा काढतायत.
कांदा लुलूमधला. जाळीच्या पिशवीवर लिहिलंय,
उत्पादन: भारत.
हारिका कुजबुजते, "आपल्यासारखाच."

भिंगाखाली विटाच विटा.
एकीला एक लागून, प्रत्येकीत एक ठिपका,
नजमामधली आमची बिल्डिंग रात्री दिसते तशी:
खिडकी, दिवा, खिडकी, दिवा,
आणि शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही.

"त्या ठिपक्यात धागा," मिस म्हणतात,
"धाग्यावर चारच अक्षरं, एवढीच बाराखडी.
पेशी दुभंगण्याआधी
सगळं पुन्हा लिहून काढते. अख्खं."

प्रतींचं मला नका सांगू, मिस.
आमच्या कपाटात एक निळी फाइल आहे.
आईच्या पदवीची प्रत, प्रतीवर शिक्का,
तो शिक्का खरा असल्याचा दुसरा शिक्का,
त्यावर वकिलातीचा, त्यावर इथल्या खात्याचा,
आणि तरी काउंटरवरचा माणूस विचारतो,
मूळ कुठंय?

"कधी लिहिताना चूक होते.
एखादं अक्षर बदलतं. बहुतेकदा दुरुस्तही होतं.
राहून गेलं, तर पुढच्या प्रत्येक प्रतीत
तेच उतरत जातं."
फळ्यावर लिहितात: म्युटेशन. उदाहरण द्या.

मी हात वर करत नाही. उदाहरण मला येतं.
आम्ही पळसुले.
पासपोर्टात ळ गळला.
दोह्यात उतरलो आणि प गेला. अरबीत प नाही,
टायपिंगवाल्याने जवळचं दिलं, ब.
बाबांच्या कार्डावर बलसुले.
निहार तर इथेच जन्मला,
त्याच्या दाखल्यावर पहिल्या दिवसापासून बलसुले,
आणि परवा मराठीच्या वहीवर
त्याने स्वतःच्या हाताने, छान वळणदार, लिहिलं:
निहार बलसुले.
आई रागावली, मग हसली, मग
खोडरबर शोधत राहिली
बराच वेळ.

गृहपाठ: घरातल्यांच्या कानाच्या पाळ्या पाहा.
सुटी की गालाला चिकटलेली, तक्ता करा.
मिस प्रामाणिक आहेत, जाता जाता म्हणाल्या,
"पुस्तकात आहे तितकं सोपं नसतं हे."

आईची सुटी.
निहारची सुटी, आणि मळकी.
माझी चिकटलेली; कान टोचताना बाईने
शाईची खूण दोनदा पुसली होती.
बाबांचा रकाना रिकामा.

बाबा समुद्रात. अठ्ठावीसपैकी एकोणिसावा दिवस.
गॅसचा प्लॅटफॉर्म, डोक्यावर हेल्मेट, कानांवर मफ.
त्यांचा कान मी शेवटचा केव्हा पाहिला?
चेहरा आठवतो. आवाज तर रोजचाच,
अधूनमधून तुटणारा.
कान आठवेना.
जुने फोटो चाळले: विमानतळ, कॉर्निश, केक.
बहुतेकांत ते नाहीतच,
फोटो काढणारे तेच.

मेसेज टाकला:
बाबा, कानाचा फोटो पाठवा. अभ्यासाला हवाय.
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

पावणेबाराला आला. धूसर.
कुणाला तरी काढायला लावला असणार,
कोपऱ्यात त्या कुणाचा अंगठा.
कानाभोवती मफचा लाल वळ,
कल्ल्यात काही केस पांढरे, हे मला माहीत नव्हतं,
आणि पाळी
गालाला चिकटलेली,
खालच्या टोकाला तीच बारीक घडी
जी मी रोज आरशात
झुमक्याने झाकते.

खाली लिहिलं होतं:
चालेल का? की दुसराही हवा?

दुसराही पाठवा, मी लिहिलं.
तक्त्याला एकच पुरे होता.