बटवडा

इर्मेली कोक्कोनेन, वय एकाहत्तर,
आसन बेचाळीस सी, हट्टाने मागून घेतलेलं, कडेचं.
खिडकी नको, म्हणाली काउंटरवरच्या पोरीला,
बर्फ मी पुरेसा बघितलाय.

हेलसिंकी ते टोकियो, तेरा तास, ध्रुवावरून.
पायांत पोटऱ्या करकचून धरणारे मोजे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
रक्त एका जागी बसून राहिलं की गुठळी धरतं,
तुमच्या गावातल्या माणसांसारखं.
इर्मेली हसली नव्हती. गाव तिला माहीत होतं.

चौतीस वर्षं केमियार्वीच्या पलीकडची टपालाची वाट,
हिवाळ्यात स्कीवर, उन्हाळ्यात सायकलवर,
एकशे सहा पेट्या, चार चावरे कुत्रे.
आणि आता ही खुर्ची,
मांडीवर ट्रे, ट्रेवर गार पडत चाललेला बटाटा.

दीड तास झाला की ती उठते.
घड्याळ लागत नाही, गुडघे सांगतात.
पुढच्या आसनाची पाठ धरत नाही,
तिथे कुणाची तरी झोप टेकलेली असते.
हातांवर भार, मग कंबर, मग कणा,
मान सगळ्यात शेवटी, जरा कुरकुरत.

आणि निघते बोळातून, दोन्हीकडचे आकडे वाचत.
एकेचाळीस: गुंडाळी होऊन पडलेलं पांघरूण, उचलून गुडघ्यांवर.
अडतीस बी: जमिनीवरचा चष्मा, घडी घालून ट्रेवर.
पस्तीस: बाळाचा एकच मोजा, आईच्या मुठीत.
सदतिसात कुत्रा नाही,
तरी पाऊल तिथे येता-जाता बिचकतं.

स्वयंपाकघराच्या पडद्याशी पाणी, उभ्यानेच.
टाचा वर, टाचा खाली, वीसदा.
हवाईसेविका मिन्ना दुसरा पेला
न विचारता भरून ठेवते.

तिथेच भेटले कुरामोची,
सेंदाईचे, पियानो जुळवणारे,
बूट हातात, पाय पावासारखे फुगलेले.
भाषा दोघांत मिळून अर्धी.
तेव्हा तिने कट्टा धरला, उजवं पाऊल उचललं
आणि अंगठ्याने हवेत काढला ए,
मग बी, मग सी, घोट्यातून गिरवत.
त्यांना कळलं. त्यांनी त्यांची अक्षरं काढली.
त्यांच्या लिपीत वळणं फार,
घोट्याला ती जास्त मानवत असावीत.
मिन्ना म्हणाली, तुमचं दोघांचं चालू द्या,
मला फक्त ती कॉफीची किटली घेऊ द्या.

दिवे मालवले. खाली कुठेतरी ध्रुव.
बेचाळीस सी मध्ये, पांघरुणाखाली,
अंगठा अजून थांबलेला नाही.
चौतीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं पोचवली तिने.
स्वतः लिहायची ती नाताळाला एक कार्ड:
सगळं ठीक आहे, आई.
मुलगा वडिलांच्या मातीला आला नव्हता,
त्याही वर्षी तेच: सगळं ठीक आहे.

जे, ओ, यू,
आणि के च्या मधल्या दांडीवर पेटका आला.
दात आवळून तिने बोटं आपल्याकडे ओढली,
पोटरी चोळली, उरलेलं पाणी संपवलं.
मग डाव्या पायाने पुन्हा पहिल्यापासून.
डाव्याचं अक्षर वाईट. चालेल, वाचणारं कुणी नाही.
योउको, एवढं लिहून झालं.

पुढे काय, ते अजून सुचलेलं नाही.
पण सात तास आहेत,
आणि घोटा सुटत चाललाय.