दोन हात वायर

सुरुवातीला आपल्यात दोन हात लांबीची वायर होती.
एका टोकाला तुझा कॅमेरा, दुसऱ्या टोकाला माझं टेपयंत्र.
चिआतुराच्या खाणीत तू वाकलीस की मी वाके,
तू पळालीस की मी पळे,
तू अचानक थांबलीस की तुझ्या पाठीवर आदळे.
खाणकामगार विचारत, नवरा-बायको का?
तू म्हणायचीस, "छे. त्याहून वाईट. बांधलेत आम्हाला."

त्याआधी सहा वर्षं स्टुडिओत तू नुसत्या काचा पुसल्यास, त्सियाला.
बाईच्या खांद्याला अकरा किलो पेलायचे नाहीत, म्हणाले.
मग स्वानेतीत, कॅमेरामन दारू पिऊन घोरत पडलेला असताना
समोरचा हिमकडा सुटला
आणि तू कोणाला न विचारता यंत्र खांद्यावर घेतलंस.
हललेलं दृश्य आहे. फोकसही गेलाय.
पण सगळं गाव बर्फापासून पळत होतं
आणि एकच म्हातारा बर्फाकडे.
त्याचा कुत्रा तिकडे होता.
तो तेवढा तुला दिसला.

तुझी एक खोड माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.
चित्र हलू नये म्हणून तू श्वास धरायचीस,
आणि दृश्य संपायच्या जरासं आधी तो सुटायचा,
विहिरीत घागर बुडते तसा,
माझ्या प्रत्येक फितीच्या शेपटाला.
मी तो ब्लेडने तिरका कापायचो
आणि बिस्किटांच्या डब्यात टाकायचो.
का, ते विचारू नकोस. फेकवला नाही.

पेलागियाच्या स्वयंपाकघरात
तिचा शेर्मादिन खाणीतून वर आला नव्हता त्या रात्री
तिने तुझ्याकडे पाहून म्हटलं, "बंद कर, पोरी."
तू कॅमेरा खाली ठेवलास. मांडीवर, बाळासारखा.
मी बंद केलं नाही.
माझ्या यंत्राला डोळा नव्हता, त्यामुळे कोणाला कळलं नाही.
संकलनाच्या खोलीत तू ते ऐकलंस,
फीत उलगडून शेगडीत घातलीस,
आणि तीन महिने माझ्याशी फक्त हातवाऱ्यांनी बोललीस.
सिनेमात त्या जागी चाळीस सेकंद काळा पडदा आहे.
आवाजही नाही.
त्यावर मोठमोठे लेख लिहिले गेले.

मग देशच अंधारात गेला.
तिबिलिसीत दिवसाला दोन तास वीज, पावासाठी पहाटे चारची रांग,
स्टुडिओला कुलूप.
तू लग्नं चित्रित केलीस.
एका लग्नात नवरीपेक्षा जास्त वेळ
भांडी घासणाऱ्या बाईचे हात आले,
नवरदेवाच्या बापाने पैसे बुडवले.
तू म्हणालीस, "माझा सगळ्यात बरा सिनेमा. बघणारे चुकले."

पुढे नवे कॅमेरे आले, मुठीत मावणारे,
आवाज स्वतःच टिपणारे.
मला निवृत्त करण्याची कोणाला गरजही पडली नाही.
वायर गेली.
एकदा रात्री कुठल्याशा वाळवंटातून तुझा फोन:
"ओतिया, मागून कोणी ओढत नाही रे. मी फार पुढे जाते."

परवा तुला ते जन्मभराचं पारितोषिक मिळालं.
सतरा नावं वाचली. टाळ्या.
तुझ्या उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो;
डावा, जो आयुष्यभर मिटून ठेवलास,
तो अजून पोरीचा आहे.

मी डबा घेऊन आलो.
तुमच्या लिफ्टला नाणं लागतं, माझ्याकडे नव्हतं,
सहा मजले चढलो.
तुकडे जोडून आणले होते. अकरा मिनिटं.
खाण, खिंड, इस्पितळ, निवडणूक, लांडग्यांची वाट पाहिलेली रात्र,
सगळ्यांतून फक्त तू, श्वास सोडताना.

तू शेवटपर्यंत ऐकलंस. चहा निवला.
"सातव्या मिनिटाला खोकलं कोण?"
"मी."
"कापायला हवा होतास," तू म्हणालीस.